हद्दपारीची नोटीस आली तर पहिला फोन कुणाला? एजंटला की वकिलाला?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात गुजरातचे ३३ आणि महाराष्ट्राचे ३ जण होते. दहा दिवसांनी आलेल्या दुसऱ्या विमानात गुजरातचे ८, तर गोवा आणि महाराष्ट्राचे प्रत्येकी २. चर्चा झाली ती हातापायातल्या बेड्यांची. या लोकांना वकील मिळाला होता का, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आपल्याकडे अनेकांचा समज असा, की कोर्टात उभं केलं म्हणजे सरकार वकील देणारच. अमेरिकेत फौजदारी खटल्यात तसं आहे. पण हद्दपारीचं प्रकरण तिथे दिवाणी धरलं जातं. वकील करायचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. पैसे नसतील तर माणूस न्यायाधीशासमोर एकटाच उभा राहतो.

सीमेवर पकडलेल्यांची गत त्याहून अवघड. १९९६ च्या कायद्यानुसार अधिकारीच झटपट हद्दपारीचा आदेश काढू शकतो, न्यायाधीशापर्यंत प्रकरण जातच नाही. मायदेशी जिवाला धोका आहे असं सांगितलं, तर मुलाखतीची वाट असायची. जानेवारी २०२५ नंतर तीही अरुंद झाली. एजंटला ३०-४० लाख मोजून ‘डंकी’ मार्गाने गेलेले बहुतेक जण इथेच अडकतात.

आता त्याच वर्षीचं दुसरं चित्र बघा. एप्रिलमध्ये अमेरिकेने चार हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द केल्या. काहींच्या नावावर फक्त वाहतुकीचा किरकोळ गुन्हा होता. तिथल्या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने पाहिलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. विद्यार्थी कोर्टात गेले, शंभरावर दावे पडले, एकामागून एक स्थगिती मिळाली. महिनाअखेरीस सरकारला नोंदी पूर्ववत करणं भाग पडलं.

दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत, हे खरंच. विद्यार्थी रीतसर व्हिसावर गेले होते. पण वेळेवर वकील उभा राहिला की काय फरक पडतो, ते इथे दिसलं.

अपील करणंही आता स्वस्त राहिलेलं नाही. इमिग्रेशन न्यायाधीशाच्या निकालाविरुद्ध अपील मंडळाकडे जायची फी ११० डॉलर होती. जुलै २०२५ च्या कायद्याने त्यात आणखी ९०० डॉलरची भर पडली. मुदत मोजक्या दिवसांची असते. ती चुकली तर मुद्दा कितीही बळकट असला तरी उपयोग होत नाही. तारखेला गैरहजर राहिलं तर पाठीमागे हद्दपारीचा आदेश निघतो.

मग इकडे बडोद्यात, म्हापशात बसलेल्या आईवडिलांनी करायचं काय? सगळ्यात आधी मुलाचा ‘ए’ने सुरू होणारा इमिग्रेशन नंबर मिळवायचा. तो आणि जन्मदेश टाकला की कुठल्या कोठडीत ठेवलंय ते ऑनलाइन शोधता येतं. जवळच्या भारतीय वकिलातीला कळवायचं. अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी बोलायचा हक्क आंतरराष्ट्रीय करारानेच दिलाय. गरजूंसाठी वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. परिस्थिती पाहून त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते. मोफत किंवा कमी फीत काम करणाऱ्या संस्थांची यादी खुद्द इमिग्रेशन कोर्टच ठेवतं.

वकील म्हणवणाऱ्याचं नाव त्या राज्याच्या बार नोंदणीत तपासल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ‘कन्सल्टंट’ म्हणजे वकील नव्हे, मग तो आपल्याच गावचा का असेना.

ज्या एजंटने पाठवलं, तोच ‘सोडवून आणतो’ म्हणून पुन्हा पैसे मागत असेल, तर घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: अपिलाचे दिवस त्याच्या फोनची वाट बघत थांबत नाहीत.