चोवीस बिटचा हट्ट

"काय करून राहिला रे एवढ्या रात्री?" गेल्या उन्हाळ्यात कळंबला घरी असताना बाबांचा हा प्रश्न रोज यायचा. माझं उत्तरही ठरलेलं, "डॅकला नवीन यूएसबी बसवतोय." त्यावर बाबा कूस बदलून झोपायचे. आईला मात्र वाटायचं, पोरगा अभ्यास करतोय!

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला लागतं व्होल्टेज. आकड्यांचं व्होल्टेज करून देणारी वस्तू म्हणजे डॅक. ती तुमच्या मोबाइलमध्येही असते. मी मात्र सेकंड इयरला हौसेनं स्वतःची बनवली होती. त्यात यूएसबीसाठी पीसीएम २७०६ ही जुनी चिप होती. ती १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही. मुख्य डॅक चिप तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ घेणारी! म्हणजे विहीर मोठी आणि दोर आखूड. हा दोर वाढवायचा, असं ठरवलं आणि तोच फायनल इयरचा प्रोजेक्ट केला.

हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, म्हणजे १४,११,२०० बिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला लागतात ९२,१६,०००. जुन्या फुल स्पीड यूएसबीत आवाजाच्या एका वाटेनं दर मिलिसेकंदाला फार तर १०२३ बाइट जातात, म्हणजे सेकंदाला साधारण ८२ लाख बिट. बसणार कसं? म्हणून हाय स्पीड यूएसबी आणि तिच्यासोबत यूएसबी ऑडिओ क्लास २ लागतो. लिनक्समध्ये त्याची सोय २०१० पासून आहे. विंडोजनं मात्र स्वतःचा ड्रायव्हर द्यायला २०१७ उजाडवलं. मी एक्समॉसच्या चिपचं तयार बोर्ड मागवलं आणि त्याचे तीन धागे, म्हणजे बिट क्लॉक, वर्ड क्लॉक आणि डेटा, माझ्या डॅकला जोडले. वाचायला एक ओळ लागली, करायला तीन आठवडे गेले. चिपच्या दोन पाय सोल्डरनं एकमेकांना चिकटले होते, हे कळण्यातच चार रात्री गेल्या.

शेवटी एकदाचं गाणं वाजलं. आणि काय सांगू मित्रांनो, फरक जाणवला! तानपुरा भरदार, आवाज जवळ आलेला. मी चुलतभावाला फोन करून बोलावलं. त्यानं ऐकलं, तोही म्हणाला, "अबे, जबरदस्त!" मी मनातल्या मनात रिपोर्टचा निष्कर्ष लिहूनही टाकला.

पण प्रोजेक्ट म्हटला की रीडिंग हवं. म्हणून १०० हर्ट्झचा टोन वाजवून डॅकच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला. जुन्या इनपुटवर १.६२ व्होल्ट, नव्यावर १.८०. म्हणजे नवं इनपुट सुमारे ०.९ डेसिबलनं मोठं वाजत होतं. कारण शोधलं तर जुन्या इनपुटचा व्हॉल्यूम विंडोजमध्ये थोडा कमी राहिला होता. एवढासा फरक कानाला 'मोठा आवाज' असा कळत नाही. तो कळतो 'चांगला आवाज' असा! ऑडिओच्या दुकानातली निम्मी जादू यातच असावी.

दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं केलं आणि चाचणी घेतली. चुलतभाऊ माझ्या पाठीमागे बसला. छापा आला तर जुनं इनपुट, काटा आला तर नवं. फाइल दोन्ही वेळा तीच, २४ बिट ९६ किलोहर्ट्झची. सोळा वेळा वाजवलं, सोळा वेळा मी कोणतं ते सांगितलं. बरोबर आली नऊ. सोळापैकी निदान बारा बरोबर आली, तर 'नुसत्या नशिबानं नाही' म्हणता येतं. नऊ तर नाणंसुद्धा आणतं.

मग वाचायला बसलो. २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेत अशीच चाचणी मोठ्या प्रमाणावर घेतली होती. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे पन्नास टक्केही नाही. उलट बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ५२.३ टक्के निघाले. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही, पण तो एवढासा. आणि आमच्या घरात मे महिन्यात कूलर चालू! मोबाइलच्या ॲपवर त्याचा आवाज ५८ डेसिबल. १६ बिटला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, तोच कूलरखाली दबतो. तिथे २४ बिटचे १४४ डेसिबल कुणासाठी?

आपल्या जिल्ह्यानं दोन्ही प्रकारचे रूळ पाहिलेत. यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला अडीच फुटी नॅरोगेजवर धावायची. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब ब्रॉडगेज सुरू झाली आणि आमच्या गावाला रेल्वे आली. रूळ रुंद झाला की माल जास्त जातो, वेग वाढतो, हे खरंच. पण गाडीत बसलेला माणूस तोच राहतो. रूळ रुंद म्हणून उतरताना तो उंच होत नाही!

मग सगळी मेहनत वाया गेली का? तर नाही. नव्या बोर्डावर दोन घड्याळं आहेत, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झची. पहिलं ४४.१ किलोहर्ट्झची ५१२ पट, दुसरं ४८ ची. पूर्वी लॅपटॉप आपल्या चालीनं आकडे पाठवायचा आणि चिप त्याच्यामागे धावायची. आता पंगतीसारखं आहे. जेवणारा 'वाढा' म्हणतो, 'थांबा' म्हणतो, वाढपी त्याच्या गतीनं वाढतो. ही पद्धत मला यातूनच समजली, पुस्तकातून समजली नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लॅपटॉपला चार्जर लावला की माझ्या स्पीकरमधून बारीक भुणभुण यायची. नवं बोर्ड लावूनही ती गेली नाही. मग त्या तीन धाग्यांच्या मध्ये आयसोलेटर चिप टाकली आणि लॅपटॉपचा ग्राउंड डॅकपासून तोडला. भुणभुण बंद! इथे छापाकाटा करायची गरजच पडली नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो भुणभुणा बंद झाला वाटते." साठ रुपयांच्या गाण्याच्या फाइलवर '२४ बिट' असं ठळक छापलेलं असतं, पण 'ग्राउंड तोडा' असं कुठेच छापलेलं नसतं.

आता मूळ मुद्दा. रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा मला आपुलकीनंच सल्ला मिळाला, "निष्कर्षात 'ध्वनीचा दर्जा सुधारला' असं टाकून दे, कोण विचारतंय?" सल्ला चुकीच्या हेतूनं नव्हता. आपल्या लायब्ररीतले जुने रिपोर्ट काढून बघा. प्रत्येक प्रोजेक्ट यशस्वी, प्रत्येक निष्कर्ष गोड. विकत आणलेले प्रोजेक्ट तर सगळ्यात जास्त यशस्वी! इतके प्रयोग होतात आणि एकालाही अपयश येत नाही, हे इंजिनिअरिंग नव्हे, चमत्कार आहे.

मी लिहिलं, 'बिट आणि सॅम्पलिंग वाढवल्यानं ऐकण्यात फरक आढळला नाही. आयसोलेशननं आढळला.' व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी तेवढंच वाचलं आणि विचारलं, "फरक नाही, तर केलं कशाला?" माझी ततपप झाली. मार्कही बेताचेच पडले. उत्तर सुचलं ते घरी जाताना एसटीत. ते आज इथे देतो.

सर, केलं म्हणूनच तर कळलं की फरक नाही. मल्टिमीटर लावला नसता तर मी आयुष्यभर ०.९ डेसिबलला २४ बिट म्हणत राहिलो असतो, आणि माझ्या रिपोर्टवरून ज्युनिअरनंही तेच म्हटलं असतं.

ज्युनिअर मित्रांनो, डॅक जरूर बनवा, यूएसबीही जोडा. पण निष्कर्षाचं पान प्रयोगाआधी लिहू नका. आणि चाचणी घेणार असाल तर हिवाळ्यात घ्या, कूलर तरी बंद असेल!