भडक म्हणजे काय, सर?

पोस्टरच्या मागं पेन्सिलीनं सात शेरे. भडक. गिचमिड. पांढरी जागा नाही. अक्षरं पेंटरछाप. मात्रा वरच्या ओळीत घुसल्यात. लांबून वाचता येत नाही. आणि सातवा, खाली दोन रेघा मारून : विषय न्यूट्रल घ्यायला हवा होता.

अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाची असाइनमेंट होती. शहरातली एक गर्दी निवडा, तिच्यासाठी माहितीचं पोस्टर करा. कुणी लोकल घेतली, कुणी गणपती. (गणपती न्यूट्रल असतो, हे मला त्या दिवशी कळलं.) मी ६ डिसेंबर घेतला. दादरला उतरणाऱ्या, शिवाजी पार्कात उघड्यावर रात्र काढणाऱ्या आपल्या माणसांना पाणी कुठं, संडास कुठं, डॉक्टर कुठं, हरवलेलं पोर कुठं शोधायचं. निळ्यावर पिवळी अक्षरं. वर बाबासाहेब. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हे पोस्टर ओरडतंय." वर्ग हसला. माझे कान तापले.

दोन दिवस कॉलेजात पाऊल टाकलं नाही. वस्तीतला एक दोस्त म्हणाला, फाड आणि फेक त्यांच्या तोंडावर. दुसरा म्हणाला, गप ऱ्हा, ते म्हणतील तसं करून दे, आधी डिग्री घे. आपल्या पोरांना हे दोनच रस्ते ठाऊक आहेत. कितीजण पहिल्या रस्त्यानं घरी बसले आणि कितीजण दुसऱ्या रस्त्यानं साबणाच्या जाहिरातींत गुळगुळीत होऊन गेले, ते आपण बघतोच आहोत.

तिसऱ्या दिवशी मी ते पोस्टर विहाराच्या भिंतीला चिकटवलं. मराठवाड्यातनं आलेली एक मावशी चष्मा पुसपुसून बघत उभी राहिली. म्हणाली, "बाबासाहेब दिसले रं. पण पानी कुठं लिवलंय?"

पाणी तिसऱ्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीतले उकार खाली लोंबत होते, तिसऱ्या ओळीच्या मात्रा वर घुसत होत्या, आणि मधल्या मारामारीत पाणी गायब. दोन ओळींतलं एवढं कमी अंतर मी एका विलायती पोस्टरवरनं उचललं होतं. रोमन कॅपिटलांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही. त्या ओळी खेटून बसतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वरही जागा लागते आणि खालीही. म्हणजे जिथं मी परक्याची नक्कल केली, नेमकी तिथंच घाण झाली होती. पाचवा आणि सहावा शेरा खरा होता. सरांनी सांगितला तेव्हा तो मला बामणी कावा वाटला. मावशीनं सांगितला तेव्हा मान खाली गेली.

मग सातही शेरे वहीत उतरवले आणि एकेकाला विचारलं, तू कामाबद्दल बोलतोस की माझ्या माणसांबद्दल?

गिचमिड, पांढरी जागा : अर्धं खरं. पाण्याभोवती मोकळी जागा पाहिजेच होती. पण बाकी कागद रिकामा ठेवून कुणाची सोय होणार होती? मोकळी जागा ज्याला परवडते त्यानं ती जरूर सोडावी. दहा बाय दहात सहाजण झोपणाऱ्याला तिचं कौतुक सांगू नये.

भडक, पेंटरछाप : इथं मात्र गोम आहे. निळ्यावर पिवळं लांबून दिसतं, हे सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मग त्याच जोडीला भडक म्हणताना कुणाचा दिवाणखाना डोळ्यांपुढं होता? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या आडोल्फ लूस नावाच्या आर्किटेक्टनं नक्षी म्हणजे गुन्हा असं ठरवून टाकलं. अंगावर गोंदवून घेणारा आधुनिक माणूस एक तर गुन्हेगार, नाही तर अधःपतित, असं तो लिहितो. आम्हाला हा लूस आदरानं शिकवतात. माझ्या आजीच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं. सुरुची नावाची बाई आकाशातनं पडत नाही, तिला घराणं असतं, जात असते. आणि ज्यांच्या नावावरनं आपण पँथर झालो त्या अमेरिकन काळ्या पँथरांच्या पेपरात एमरी डग्लस जाड काळ्या रेघेची, मोजक्या रंगांची चित्रं काढायचा. स्वस्तातल्या छपाईत तीच टिकायची. पण हेही ध्यानात ठेवा दोस्तांनो, हा माणूस पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात काम शिकला आणि पुढं कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकला. कसब त्यानं सोडलं नाही.

टीकेला उत्तर कसं द्यायचं हे शिकायला आपल्याला परक्या दारात जायची गरज नाही. १९२३ साली लंडनच्या परीक्षकांनी बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध पुन्हा लिहायला परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहिला. निष्कर्ष बदलले नाहीत, आणि त्याच साली डी.एस्‌सी. घेतली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या भाषणातला मजकूर खुपला, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही म्हणाले आणि भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. ती टीका बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत अख्खी छापली, सोबत आपलं उत्तर. माणूस एकच. कुठं पुन्हा लिहायचं आणि कुठं स्वल्पविराम धरून बसायचं, हे त्याला कळत होतं.

आणि आपल्यात काय चालतं? कुणी काही केलं की, जय भीम, लय भारी! झालं. चौकातला फ्लेक्स बघा. अकरा पुढारी, त्यांचे बावीस हात जोडलेले, आणि बाबासाहेब कोपऱ्यात तिकिटाएवढे. त्याला गिचमिड म्हणायची आपली छाती नाही. कॉलेजातला मास्तर बोलला की मग आपल्याला जात आठवते. माझ्या पोस्टरची पण विहारात सगळ्यांनी तारीफच केली होती. पाणी फक्त मावशीनं विचारलं, कारण तिला प्यायचं होतं.

मी सरांकडं गेलो. सोबत नवं पोस्टर आणि शेऱ्यांची लेखी उत्तरं. पाणी आता सगळ्यात वर, वीतभर अक्षरात. ओळी सुट्या. सर खरंच खूश झाले. एका मात्रेचा कोन चुकला होता, तो माझ्याबरोबर अर्धा तास बसून दुरुस्त केला. हे सांगायलाच हवं. मग मी विचारलं, भडक म्हणजे काय, सर?

"ते डोळ्याला कळतं."

कुणाच्या?

सर हसले. म्हणाले, कळेल तुला हळूहळू. निळा-पिवळा तसाच ठेवला, अक्षरं ब्रशचीच ठेवली. मार्क चार वाढले. सातव्या शेऱ्याला मी दीड पान उत्तर दिलंय, गणपतीच्या पोस्टरचा दाखला देऊन, आणि पुढच्या असाइनमेंटला विषय न्यूट्रल आहे की नाही हे कोण ठरवणार ते आधी लेखी द्या, अशी मागणी केलीय. ते पान सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. दोन महिने झाले.