वाटण कोणी वाटले?

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरा वा पश्चिमेस, चायनीजच्या जोडीला 'थाई' हा शब्द मिरविणारे मेनूकार्ड आता हाती येऊ लागले आहे. त्या कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'जैन पद्धतीने मिळेल.' दुकान बंद करून रविवारी मुलाबाळांसह बाहेर पडणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही ओळ मोठ्या दिलाशाची वाटते. पावभाजीच्या गाडीवर तिचा अर्थ सरळ असतो. बटाट्याच्या जागी कच्चे केळे, कांदा-लसणाला रजा, आणि सारे काही आपल्या डोळ्यांदेखत तव्यावर. थाई पदार्थांच्या बाबतीत मात्र या ओळीचा अर्थ तपासून घेतल्याखेरीज श्रावकाने ताटाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्या पाककृतीच्या मुळातच आहे, आणि येथे 'मुळात' हा शब्द मी अक्षरशः वापरीत आहे.

आपल्या भाजीत कांदा-लसूण फोडणीत पडतो. फोडणीत घातला नाही की संपले. थाई करीचा आरंभ वाटणाने होतो. दगडी खलबत्त्यात ते वाटण कुटावयाचे, नारळाच्या दाट दुधात परतावयाचे, मग त्यात भाज्या सोडावयाच्या. हिरव्या करीच्या वाटणात ताज्या हिरव्या मिरच्या, धने, जिरे, पांढरी मिरी, गवती चहाचे बुंधे आणि एका खडबडीत लिंबाची साल असते. येथवर आपली हरकत नाही. परंतु त्याच खलात लसूण असतो, लहान लाल कांदे असतात, आल्याच्या कुळातले कुळिंजन असते आणि कोथिंबिरीची मुळे असतात. ही मुळे आपण जुडी निवडताना केरात टाकतो. थाई गृहिणी ती जपून ठेवते, कारण तिच्या मते कोथिंबिरीचा खरा सुगंध तेथेच असतो. म्हणजे एका वाटणात चार जिन्नस जमिनीखालचे. त्यावर पारंपरिक कृतीत 'कापी' पडते. आपले कोळी शेजारी ज्याला जवळा म्हणतात, तशा बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून, कुटून केलेला हा लगदा होय. एकदा एकजीव झालेल्या या वाटणातून कोणता जिन्नस कसा वेगळा काढणार? 'कांदा-लसूण घालू नका' ही आपली सवयीची सूचना येथे उपयोगी पडत नाही. आचारी वरून काही घालत नाही आणि आपण समाधानाने जेवतो.

दुसरी गोष्ट मिठाची. थाई स्वयंपाकघरात खारटपणा बहुधा 'नाम प्ला' नावाच्या पाण्यातून येतो. बारीक मासळी मिठात वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मुरवून ते काढतात. दिसावयास ते कोऱ्या चहासारखे असते. कच्च्या पपईच्या 'सोम तम'मध्ये ते असते, चिंचेच्या आंबटगोड 'पॅड थाय'मध्ये असते, 'टॉम यम' सुपातही असते. कालवांचा 'ऑयस्टर सॉस' हा त्याचाच दाट सोबती. आपल्याकडील शुद्ध शाकाहारी हॉटेलांत यांच्या जागी सोया सॉस वापरतात हे खरे. पण जेथे दोन्ही प्रकारचे जेवण एकाच भटारखान्यात शिजते, तेथे बाटली कोणती, हे विचारणे आपले काम आहे.

सासूबाईंना कंदमूळत्यागाचे पच्चक्खाण घेऊन चाळीस वर्षे झाली. गेल्या मार्गशीर्षात नातवाच्या अठराव्या वाढदिवसाला थाई जेवणाचा बेत ठरला, तेव्हा त्या घरी थांबतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. "सगळे एकत्र जेवणार आणि मी एकटी घरी का बसू?" असे म्हणत त्या सर्वांच्या आधी तयार झाल्या. वेटरने जैन ग्रीन करी सुचविली. सासूबाईंनी विचारले, "बेटा, हिचे वाटण कोण वाटते?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "जैनच आहे आजी, काळजी करू नका." त्यांनी तितक्याच सौम्यपणे प्रश्न पुन्हा केला. टेबलाभोवती चुळबुळ सुरू झाली. "एवढ्या वाटणात मुरलेले काय दिसते? चालवून घ्या," असे एका वडीलधाऱ्यांनी सुचविलेही. सासूबाई म्हणाल्या, "दिसत नाही म्हणूनच विचारते आहे."

शेवटी आचारी स्वतः बाहेर आला. दार्जिलिंगकडचा तरुण मुलगा. हात पुसत म्हणाला, "आजी, तुमच्याशी खोटे बोलणार नाही. वाटण तयार बरणीतून येते. मी वरून कांदा-लसूण घालत नाही, एवढेच." त्याने बरणी आणून दाखविली. तिच्यावर हिरवा ठिपका होता आणि घटकांच्या यादीत मिरचीच्या पाठोपाठ लसूण.

या ठिपक्याविषयी आपल्या घरांत मोठा गैरसमज आहे. त्याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे, इतकाच. कंदमुळाशी त्याचा काही संबंध नाही. पाहावयाची ती घटकांची यादी. कायद्यानुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. ज्याचे प्रमाण अधिक, त्याचे नाव आधी. आपण व्यापारी माणसे. मालाचे बिल ओळ न् ओळ वाचतो; मग बरणीची यादी का वाचू नये?

सासूबाईंनी त्या मुलाचे मनापासून आभार मानले. वाफेवरचा भात, काकडी आणि शहाळ्याचे पाणी एवढेच घेऊन त्या शेवटपर्यंत हसतमुखाने बसल्या. नातवाने स्वतःची करी अर्धी खाऊन बाजूस सारली, आणि तो काहीच बोलला नाही. निघताना आचारी म्हणाला, "दोन दिवस आधी फोन करा. मी ताजे वाटतो. पण काय चालते ते लिहून द्या." तो कागद सासूबाईंनी स्वतः सांगून नातवाकडून लिहवून घेतला : हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची फक्त पाने, गवती चहाची पाती, धने, जिरे, मिरी, लिंबाची साल, चिमूटभर सुंठ. ओले आले वर्ज्य, पण वाळलेली सुंठ बहुतेक घरांत चालते, तशी वाळलेल्या कुळिंजनाची पूड चालावी का, हा प्रश्न त्यांनी उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारावयाचा म्हणून बाजूला ठेवला. बारा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. करी आली, सासूबाई जेवल्या. चव हुबेहूब तीच होती असा दावा मी करणार नाही. कुळिंजनाचा कापरासारखा झोंबरा वास तीत नव्हता. पण नारळ, मिरची आणि गवती चहा यांचा मेळ इतका चांगला जमला होता की सासूबाईंनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आपल्या तरुण मुलांना हॉटेलात असे खोदून विचारण्याचा संकोच वाटतो. परक्यांच्या अन्नाला आपण नावे ठेवतो आहोत, असे त्यांना वाटते. त्यांच्यासाठी थायलंडचीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास, नऊ दिवसांचे एक व्रत पाळतात. त्याला 'किन जे' म्हणतात. त्या दिवसांत मांस, मासे, अंडी आणि दूध तर नाहीच, पण लसूण, कांदा व त्यांच्या जातीच्या उग्र भाज्या आणि तंबाखूही वर्ज्य असते. फुकेत बेटावरील कथू गावी 1825 च्या सुमारास एक चिनी नाटकमंडळी आजारी पडली आणि हे व्रत केल्यावर बरी झाली, अशी तेथील परंपरा सांगते. आज बँकॉकच्या रस्त्यांवर त्या नऊ दिवसांत पिवळ्या पताकांवर तांबड्या रंगात 'जे' हे अक्षर झळकते, आणि लसणाशिवाय वाटण कसे करावे हे त्या गाड्यांवरचे आचारी उत्तम जाणतात. याच पंधरवड्यात आपली आश्विनातली नवपदाची ओळी येते, हा योग मला फार मनोज्ञ वाटतो. मात्र 'जे' म्हणजे जैन नव्हे. तेथे बटाटा, मुळा, आले, कुळिंजन, अळिंबी हे सर्व चालते. रत्नांच्या व्यापारासाठी आपले अनेक बंधू बँकॉकला जातात. 'जे' म्हटले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे त्यांनी समजू नये.

आणि त्या देशाशी आपला संबंध आजचा थोडाच आहे? शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. बारा वर्षांच्या दुष्काळात आर्य वज्रसेन तेथे पोहोचले, तेव्हा जिनदत्त श्रावकाच्या घरी ईश्वरी श्राविकेने लाख मोलाचा भात रांधून त्यात विष कालविण्याची तयारी केली होती, ही कथा पर्युषणात आपण ऐकतो. आचार्यांनी तिला थांबविले आणि दुसऱ्याच दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. समुद्रापलीकडून आलेल्या अन्नावर जगल्याची आठवण या गावाच्या परंपरेत अशी जपली गेली आहे. पुढे सुवर्णभूमीचेही तसेच. आळशी शिष्यांना कंटाळून आर्य कालक सुवर्णभूमीत आपल्या प्रशिष्याकडे, सागराकडे, गेल्याची कथा जुन्या टीकाग्रंथांत आहे. डॉ. उमाकांत शाह यांनी 1956 मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. ती सुवर्णभूमी नेमकी कोठे यावर विद्वानांनी वाद घालावा. थाई लोकांनी 2006 साली सुरू झालेल्या बँकॉकच्या नव्या विमानतळाला तेच नाव देऊन आपला दावा नोंदविला आहे.

आता मागवावे काय, याविषयी थोडेसे. माझी पहिली पसंती गोडाला. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात यांत शंका घेण्यासारखे फारसे काही नसते. मात्र आर्द्रा नक्षत्र लागल्यावर ज्या घरांत आंबा बंद होतो त्यांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधीच ही हौस पुरवावी. नारळाच्या दुधात शिजविलेल्या केळ्यांचा एक साधा पदार्थ आहे, 'क्लुआय बुआत ची'. त्याचा अर्थ 'दीक्षा घेतलेली केळी'. शुभ्र दुधात बुडालेली केळी पाहून थाई माणसाला श्वेतवस्त्रा व्रतधारिणी स्त्रिया आठवल्या, आणि आपल्यालाही कोण आठवावे हे सांगावयास नको. राजेळी केळ्यांच्या आणि सुकेळीच्या या वसईत हा पदार्थ घरीही सहज होईल. सोनेरी तारांच्या थाई मिठायांपासून मात्र दूर राहावे. पोर्तुगीजांच्या संगतीने तेथे रुजलेल्या त्या मिठायांत अंड्याचा बलक असतो. (ज्यांनी 1534 ते 1739 वसईच्या किल्ल्यात ठाण मांडले, तेच हे पोर्तुगीज.)

पॅड थाय मागविल्यास अंडे आणि मोडाचे मूग दोन्ही नकोत असे सांगावे. मोड आलेले कडधान्य अनंतकाय मानणाऱ्यांना ते चालत नाही आणि वेटरला हे ठाऊक नसते. हिरव्या करीत वाटाण्याएवढी वांगी पोहत असतात; ज्यांना बहुबीज वर्ज्य, त्यांनी ती आधीच नाकारावीत. मसामन करीत बटाट्याऐवजी कच्चे केळे उत्तम लागते, पण वाटणाचा प्रश्न तेथेही तोच. सोया सॉस आंबविलेला असतो, म्हणून कित्येक घरांत तो चालत नाही. अशांसाठी मीठ आणि लिंबू पुरेसे आहे. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला ज्यांची हिरवी भाजी बंद असते त्यांना या जेवणात काहीच उरत नाही, तेव्हा तारीख ठरविताना तिथी पाहावी.

वेळेची अडचण सर्वांत मोठी. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. रात्रीचे जेवण हॉटेलात सातपासून सुरू होते आणि मुंबईहून परतणारी पुरुषमंडळी विरार लोकलमधून उतरेपर्यंत आठ वाजतात. चौविहार पाळणाऱ्या घरांना रविवारची दुपार तेवढी उरते. साडेबाराच्या सुमारास, गर्दी होण्यापूर्वी जावे. त्या वेळी भटारखान्यात आचाऱ्याला बोलावयास सवड असते. शुक्रवारी फोन करावा आणि शक्य तर जिन्नसांचा कागद घरच्या मुलाच्याच हस्ते पोहोचता करावा. आमच्या नातवाने तो कागद नीट टंकून, हिंदी आणि इंग्रजीतही करून, आपल्या मोबाइलमध्ये ठेवला आहे. ज्या मित्रांनी मागितला त्यांना त्याने तो पाठविलाही आहे.