उबदार बेडरूम

आमच्या गावाचं नावच हट्टा. तेव्हा हट्ट हा आलाच. सध्याचा हट्ट बेडरूमचा आहे. रंगाच्या दुकानातलं पुस्तक सांगतं, भिंत गडद तांबडी करा, खोली उबदार वाटेल. उबदार! अहो, मे महिन्यात वसमत तालुक्यात पारा 42 अंशांपर्यंत चढतो. इथं ऊब हवीय कोणाला? बर्फाच्या मुलखात तो सल्ला शहाणपणाचा असेलही.

आतल्या रंगानं डोळे फसतात, ऊन फसत नाही. ऊन अडवायचं तर गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. पण गच्ची पाहुण्यांना दिसत नाही ना!

तीच गत पलंगाची. पेटीचा पलंग अर्धी खोली अडवतो, खालून वारा येऊ देत नाही आणि वीज गेली तरी जागचा हलत नाही. सुंभाची बाज उचलावी, अंगणात टाकावी, जाळीतून पाठीला वारा! ती मात्र अडगळीत.

पाहुणा पाच मिनिटं खोली बघून 'वा!' म्हणतो. रात्रभर घाम पुसायला तो थांबतो का?