उसाची तपासणी होते, माणसाची?

आम्हा बारामतीकरांना तपासणीचे वावडे नाही. माळेगावच्या, सोमेश्वरच्या कारखान्यांत उसाचा उतारा तपासला जातो. रक्तातली साखर तर शिबिरातही तपासतात. मात्र उसाच्याच मळीतून निघणारा मद्यार्क बाटलीतून घरात शिरला, की त्याच्या तपासणीचे नाव कोणी काढीत नाही!

‘रोज घेतात, पण कामावर जातात ना!’ हे आपले ठरलेले प्रमाणपत्र. मी विचारतो, ते देणारे आपण कोण? जागतिक आरोग्य संघटनेने याकरिता १० प्रश्नांची प्रश्नावली केलेली आहे. किती वेळा घेता? एका बैठकीत किती? सुरू केल्यावर थांबता येते काय? सकाळी उठताच लागते काय? ४० पैकी ८ किंवा अधिक गुण झाले, की डॉक्टरांना गाठावे. सुई नाही, खर्च नाही. आड येते ती केवळ लाज.

काहीजण शपथेवर भिस्त ठेवतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर कंप सुटतो, आकडीही येऊ शकते. म्हणून सोडणेदेखील डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवे. व्यसन हा आजार आहे, हे मानूनच डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. आजाऱ्याला शिव्या देऊन कोणाचा ताप उतरला आहे?

भगिनींनो, यंदा भाऊबीजेला ओवाळणी जरूर घ्या. पण तिच्याबरोबर भावाकडून त्या १० प्रश्नांची खरी उत्तरेही मागून घ्या.