जुलूस हवा, तलवार नको

सण जवळ आले की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत एक सरकारी आदेश निघतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो छापून येतो आणि बहुतेक जण न वाचताच पान उलटतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ (१) आणि (३). हा आदेश एकदा नीट वाचावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे. तलवारी, भाले, सुरे, बंदुका, सोटे, लाठ्या घेऊन फिरण्यास त्यात मनाई असते. दगड जमा करण्यास मनाई असते. पण त्याच यादीत पुढे जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये, फलक आणि भाषणेही येतात. पाच किंवा अधिक माणसांनी परवानगीशिवाय जमायचे नाही, हेही येते.

म्हणजे तलवार आणि घोषणा दोन्ही एकाच दोरीने बांधलेल्या. प्रशासन घोषणेकडे तलवारीच्या नजरेने पाहते. आणि आपल्या मोहल्ल्यातले काही तरुण हीच गल्लत उलट्या बाजूने करतात. ते तलवारीला घोषणा समजतात. "ते त्यांच्या मिरवणुकीत नाचवतात, आपण जुलूसमध्ये दाखवली तर काय बिघडले? अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सगळ्यांना आहे ना?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याला रागावून गप्प करण्यापेक्षा उत्तर द्यायला हवे.

उत्तर संविधानातच आहे. कलम १९ (१) (क) भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. लगेच पुढचे (ख) एकत्र जमण्याचा हक्क देते, पण दोन अटींवर : शांततेने आणि विनाशस्त्र. हे शब्द अनवधानाने आलेले नाहीत. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, कारण इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले होते. त्याचाच आधार घेऊन ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि समितीने ती फेटाळली. शीख बांधवांच्या कृपाणाचा अपवाद कलम २५ च्या स्पष्टीकरणात वेगळा नोंदवला आहे. बाकी सर्वांसाठी नियम एकच : रस्त्यावर या, बोला, पण हात रिकामे ठेवून या.

हा नियम किती महत्त्वाचा आहे, हे जळगावला वेगळे सांगायला नको. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली. खेड्यांतून आलेल्या अनेकांच्या हातांत लाठ्या होत्या आणि त्यांना झेंडे बांधलेले होते. झेंडा बांधला की लाठी ही लाठी राहत नाही, अशी ती पळवाट. दंगल पेटली. दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जळगाव पेटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने या सगळ्याची तपशीलवार चौकशी केली. जळगावात ४३ माणसे मारली गेली, त्यांतले ४२ मुसलमान होते.

शस्त्र हातात असलेला माणूस काही सांगत असतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या समोरचा माणूस मग बोलू शकत नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात आहे. ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगन राज्यात टाळेबंदीच्या विरोधात लोक रायफली घेऊन विधानभवनात शिरले. वर गॅलरीत बंदूकधारी आणि खाली बुलेटप्रूफ जाकीट घातलेले काही सदस्य, असे ते दृश्य होते. अशा सभागृहात कोण मोकळेपणाने बोलणार? पुढे जानेवारी २०२१ मध्ये तिथे उघड शस्त्र नेण्यास बंदी आली.

त्याच देशातला दुसरा दाखला आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावा. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्यांना तेव्हा कायद्याने उघड शस्त्र बाळगता येत होते. त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. शस्त्र तेच असते, पण ते कोणाच्या हातात आहे यावर सत्तेची नजर बदलते.

धुळ्याने हे वेगळ्या रीतीने भोगले आहे. ६ जानेवारी २०१३ ची सुरुवात जुलूसने झाली नव्हती, हॉटेलच्या बिलावरच्या वादाने झाली होती. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले, सहाही मुसलमान. जिथे साध्या भांडणाची ही किंमत मोजावी लागली, तिथे रीलसाठी तलवार फिरवणारा मुलगा एकट्याचा जीव धोक्यात घालत नाही, सगळ्या मोहल्ल्याचा घालतो.

"ते दाखवतात" या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि ती आपण मांडलीच पाहिजे. २०२२ मध्ये ठाण्याच्या सभेत तलवार उंचावल्याबद्दल राज ठाकरे यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्याआधी मुंबईतल्या कार्यक्रमात तलवार दाखवल्याबद्दल वर्षा गायकवाड, अस्लम शेख आणि इम्रान प्रतापगढी यांच्यावरही नोंदला गेला. म्हणजे कायदा सर्व पक्षांना लागू करता येतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीर पोलिसांनी राजस्थानातून जालन्याकडे निघालेल्या एका गाडीतून ८९ तलवारी आणि एक खंजीर पकडला. पोलिसांनी ठरवले तर गाडीत लपवलेली तलवारही सापडते. मग भर चौकात उंचावलेली का दिसू नये? झेंडा कोणत्याही रंगाचा असो, कारवाई सारखी हवी.

आणि तलवारीला मनाई करताना तोंडाला कुलूप घालू नका, ही मागणीही तितक्याच जोराने करायची आहे. यासाठी निकाल आपल्याच खंडपीठाचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव इथे नागरिकत्व कायद्याविरुद्ध धरणे धरायला परवानगी नाकारली गेली होती, आधार होता हाच कलम ३७ चा आदेश. औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द केला. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. जळगाव आणि धुळे याच खंडपीठाखाली येतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. जुलूस कमिट्यांनी यंदापासून लेखी ठरवावे की तलवार, काठी किंवा तिची प्लास्टिकची नक्कलही चालणार नाही, आणि जो आणेल त्याला आपलेच स्वयंसेवक बाजूला काढतील. शांतता समितीच्या बैठकीत प्रशासनाकडे मागावे की सगळ्या मिरवणुकांत शस्त्रांबाबत काय कारवाई झाली, ते दर वर्षी जाहीर करा. आणि मोर्चाच्या परवानगीचा अर्ज लिहिताना पहिल्याच ओळीत कलम १९ (१) (ख) नमूद करून लिहावे : आम्ही शांततेने आणि विनाशस्त्र जमणार आहोत. हे लिहिणाऱ्याला नकार द्यायचा असेल, तर प्रशासनाला कारण लिहून द्यावे लागेल. ते कारण मग न्यायालयात तपासता येते.