साकळलेले रक्त, एवढेच निदान?

गुडघ्याला मुका मार लागून मागाहून तिथे टेंगूळ आले की ते साकळलेले रक्तच असणार आणि चोळल्या-शेकल्याने ते जिरणार, हा पूर्वपक्ष घराघरांत इतका मुरलेला आहे की त्याच्या बाजूने युक्तिवाद करण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. त्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साचते, काळानिळा डाग हिरवट-पिवळा होत जातो आणि काही आठवड्यांत शरीर ते रक्त आपणहून शोषून घेते. श्रेय मात्र आंबेहळदीला मिळते. आक्षेप लेपावर नाही, लेप चोळणाऱ्या हाताच्या जोरावर आहे.

गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या स्नायूला जबर मार बसला असता, रक्तस्राव झालेल्या जागी कधीकधी स्नायूतच हाड तयार होऊ लागते. या विकाराला ‘मायोसायटिस ऑसिफिकन्स’ म्हणतात. अशी गाठ दोन-तीन आठवड्यांत विरघळण्याऐवजी कठीण होत जाते आणि गुडघा पूर्ण मिटेनासा होतो, पण सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच न दिसल्याने घरचे निर्धास्त राहतात आणि मालिश चालूच ठेवतात. जोराने चोळणे आणि पाय बळेच वाकवणे हे तर या प्रक्रियेला खतपाणीच. म्हणजे गाठ जिरवण्याचा उपायच तिला पक्की करतो.

शिवाय गुडघ्यावरची प्रत्येक गाठ एकाच जागी येत नाही, हे पूर्वपक्ष लक्षातच घेत नाही. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये ‘बर्सा’ नावाची, घर्षण कमी करणारी, एरवी जवळजवळ रिकामी असलेली चपटी पिशवी असते. वाटीवर आपटल्याने किंवा फरशी बसवणाऱ्या कारागिरासारखे तासन्‌तास गुडघे टेकल्याने ती द्रवाने भरते, आणि एका बाजूने बोट दाबले की दुसऱ्या बाजूच्या बोटाला आतली लाट जाणवते. खरचटलेल्या कातडीतून जंतू शिरून हीच पिशवी लाल आणि गरम झाली असेल, तर शेकत बसण्यात प्रतिजैविकांचा मोलाचा वेळ जातो. वाटीच्या खाली, नडगीच्या माथ्यावर खेळत्या वयातल्या मुलांना येणारा दुखरा उंचवटा आणखी निराळा: ऑसगुड आणि श्लाटर या दोघांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेला हा विकार बहुधा एका पडण्याने नव्हे, तर उड्या आणि धावण्याने वाढत्या हाडावर पडणाऱ्या वारंवारच्या ताणाने होतो. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तरी गाठ धरते, आणि लाकडी काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही. तो सोनोग्राफीत शोधावा लागतो.

जागेइतकीच वेळही बोलकी असते. मार लागल्यापासून दोन-तीन तासांत सगळा गुडघा टम्म फुगला तर सांध्यातच रक्त भरल्याचा, म्हणजे अस्थिबंध तुटल्याचा किंवा हाड मोडल्याचा संशय घ्यावा लागतो; सूज दुसऱ्या दिवशी सावकाश चढली तर सांध्यातल्या कूर्चेच्या गादीला इजा झाल्याची शक्यता पुढे येते.

पूर्वपक्षाचा सर्वांत घातक भाग याहून खोल आहे. मार आधी लागला आणि गाठ नंतर दिसली, म्हणून मार हेच कारण, हे अनुमान काकतालीय न्यायाचे आहे. किशोरवयात होणारा ‘ऑस्टिओसार्कोमा’ हा हाडाचा कर्करोग सर्वाधिक गुडघ्याच्या आसपासच उद्भवतो. तो पडण्याने होत नाही, पडण्यामुळे फक्त लक्ष तिकडे जाते. रात्री झोपमोड करणारी वेदना आणि आठवड्यागणिक वाढणारी कठीण गाठ असताना हाडवैद्याकडे महिना काढणे परवडणारे नाही. सुई लावली की रोग पसरतो, ही उलट बाजूची भीतीही तितकीच निराधार आहे. पुढची शस्त्रक्रिया जिथे व्हायची त्याच केंद्रात नियोजनपूर्वक तुकडा काढून तपासणे हीच निदानाची मान्य रीत आहे. त्याआधी मात्र एक साधा प्रश्न विचारावा लागतो: पडण्यापूर्वी तिथे खरोखरच काही नव्हते का? घरच्यांचे उत्तर पुष्कळदा ‘नीट पाहिले नव्हते’ असेच येते.